रुकडीची जिलेबी

"पाय वर करा, काका."

"छाती बिघडलीय माझी."

"माहीत आहे. पाय वर करा."

"छाती इथं असते," मी बोट ठेवून दाखवलं. "हा पाय. पायाला काय झालेलं नाही."

"मग दवाखान्यात चालत आलात का?"

मला घरातून गाडीपर्यंत खुर्चीसकट उचलून आणलं होतं. एक बाजू माझ्या मुलानं, सन्मतीनं धरली होती, दुसरी रिक्षावाल्यानं. हुपरीतल्या आमच्या गल्लीतली माणसं दारादारांत उभी राहून बघत होती. मी बेशुद्ध असल्यासारखे डोळे मिटून घेतले होते. बेशुद्ध नव्हतो.

(मी लिहिलेलं मोठ्यानं वाचतोय, माझी बायको शालन समोर बसून साखळीत घुंगरू भरतेय. ती म्हणते, "रिक्षावाला कुठला? दूधवाला होता. दुधाची किटली आपल्या कट्ट्यावर ठेवून आला होता." बरं. दूधवाला.)

पाय वर करा म्हणणाऱ्या त्या पोरीचं नाव तस्लीम मुजावर. फिजिओथेरपी शिकून कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात नुकतीच लागली होती. तिनं माझ्या घोट्याला वाळूची पिशवी बांधली, पट्टा ओढून बसवला आणि दोन बोटं आत घालून बघितली, घट्ट झाला का म्हणून. मला हसू आलं. आम्ही पैजणं करतो. हुपरीत घरोघर तेच काम. पैजण पायात बसलं का हे बघताना आम्हीही अशीच बोटं घालतो.

"चांदीचं आहे काय ओ, मॅडम?" पलीकडच्या कॉटवरून रंगराव म्हणाले. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. त्यांचाही दम माझ्यासारखाच, फक्त तोंड थकत नव्हतं. "जन्मभर दुसऱ्याच्या पायांत घातलं, आता घ्या तुमच्या पायात."

मी सलग सांगू शकत नाही. बोलतानाही नाही आणि लिहितानाही नाही. ओळ मध्येच तुटली की मी श्वास

घेतोय, एवढंच. पुढं वाचा.

कॉटच्या कडेला बसून गुडघा सरळ करायचा, पाय वर न्यायचा, सावकाश खाली आणायचा. बोटाला चिमटा लावलेला. त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसायचा. मी पाय वर करत होतो आणि तोंडानं तक्रार करत होतो.

"हे म्हणजे... घराचं छप्पर गळतंय... आणि तुम्ही... दार रंगवायलाय."

"बोला, बोला," तस्लीम म्हणाली. तिचं लक्ष आकड्याकडे होतं. "फुप्फुस मला बदलून देता येत नाही, काका. भट्टीच्या धुरानं आणि तेजाबाच्या वाफेनं जे गेलं ते गेलं. पण तुमच्या मांड्या पडून पडून वाळल्यात. मांडीत ताकद नसली की दोन पावलांनाच दम संपतो. मांडी मला परत आणता येते."

"किती किलोची पिशवी म्हणालीस?"

"एक."

"दीड आहे."

"एकच आहे."

"पोरी, माझा हात तागडी आहे. सोड ती पिशवी, इकडं दे." मी पिशवी तळहातावर घेतली, खालीवर केली. "दीड. जरा जास्तच."

रंगरावांना करमणूक हवीच होती. "काटा आणा!" त्यांनी फर्मान काढलं. तस्लीमही हट्टाची. खाली स्वयंपाकघरात गेली आणि भाजीचा काटा घेऊन आली. पिशवी ठेवली.

एक किलो. काटा जरासुद्धा पुढं गेला नाही.

रंगराव हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले.

माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, ह्याच रोगानं गेले. तेव्हा ह्याला इंग्रजी नाव नव्हतं, नुसता दमा. शेवटी शेवटी त्यांना उठता येईना. सकाळी अंथरुणातून, दुपारी न्हाणीघरातून, संध्याकाळी कट्ट्यावरून मी उचलत होतो. माझ्या हाताला वजन कळतं. बापूंना मी कधी बोललो नाही, पण कळत होतं, दर महिन्याला कळत होतं, की गेल्या वेळेपेक्षा

कमी.

मी उचलायचो तेव्हा ते भिंतीकडे बघायचे.

ज्या हाताला एवढं कळत होतं, त्याला आता एक किलो दीड वाटला. माझ्यातली ताकद कुठवर गेली हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्या भाजीच्या काट्यानं सांगितलं. त्या दुपारी ठरवलं, उद्यापासून मनापासून करायचं. मला कुणी उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तस्लीम आली तेव्हा मी आधीच कडेला बसलो होतो.

"अरे वा! आज छातीबद्दल काही नाही?"

"बांध," मी म्हणालो.

पिशवी बांधली. मी पायाकडे नजर लावली. गुडघा सरळ करायचा, वाकडा जाऊ द्यायचा नाही, वर नेताना झटका नाही, खाली आणताना धप्पकन नाही. काम करायचं तर नीट करायचं.

"श्वास सोडा, काका."

मी मान डोलावली.

"ताकद लावताना श्वास बाहेर. सोडताय ना?"

मी पुन्हा मान डोलावली. पाय सुरेख चालला होता. आणि मग खिडकी जवळ आली, लांब गेली, आणि रंगराव ओरडले, "ओ मॅडम, ओठ बघा त्यांचे!"

(शालन म्हणते, "हे पटकन सांगा." पटकन सांगतो.)

मला आडवं केलं. मास्क लावला. आकडा ऐंशीच्या खाली गेला होता. वर यायला बराच वेळ लागला. तस्लीमचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला होता. दुपार व्हायच्या आत तिनं पिशवीशिवाय, नुसत्या पायानं करून घेतलं. मी आणखी लक्ष देऊन केलं. पुन्हा तेच. म्हणजे कंटाळत, कुरकुरत करत होतो तेव्हा वजनासकट जमत होतं, आणि मनापासून केलं तर रिकामा पायही उचलवेना. ती कागद चाळत राहिली. मला वाटलं, रोग आता

जिंकला.

संध्याकाळी सन्मती आला. पोरगा चांगला आहे, पण घाबरला की आवाज चढतो.

"तालीम उघडलीय काय इथं? माणसाला श्वास पुरेना आणि तुम्ही वजनं बांधताय?"

"दादा, ह्या रोगात पायाचा व्यायाम..."

"मला शिकवू नका. आण्णांनी जन्मभर कष्ट केलेत. आता आराम करू द्या."

मोठे डॉक्टर राउंडला आले होते. त्यांनी माझी छाती तपासली, आकडे बघितले आणि तस्लीमला म्हणाले, "तूर्त थांबवू." सन्मतीला म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन घ्या, कॉट खाली मांडा, मदतीला माणूस ठेवा.

"माणूस बघितलाय मी," सन्मती म्हणाला. "चांगला दणकट आहे. आण्णांना उचलायला काही अडचण नाही."

तो प्रेमानं म्हणाला होता. मी भिंतीकडे बघत होतो. ते माझ्या नंतर ध्यानात

आलं.

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो. दवाखान्यातही शालननं ते मोडू दिलं नव्हतं. ती कोल्हापुरातच बहिणीकडे उतरली होती, सकाळचं तिकडचं आवरून दुपारी यायची आणि संध्याकाळी ऊन खिडकीच्या चौकटीवर असतानाच डबा उघडायची. म्हणून सकाळचा माझा व्यायाम तिनं कधी बघितलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ती भाकरी कुस्करत होती आणि तस्लीम पिशवी न्यायला आली.

"नेते हं, काका. दुसऱ्या वॉर्डात लागतेय."

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"तुमचं नाही चुकलं."

"नीट करत होतो ना मी? सांग की. वाकडा गेला का पाय?"

"नाही. इतका सरळ पाय माझ्याकडे कुणी नेत नाही."

"मग बांध. एकदाच. ही बघू दे, मी नीट करतो का नाही ते. उद्या लोक मला म्हणतील, ह्या नेमगोंडानं अंगचोरपणा केला."

तस्लीमनं दाराकडे बघितलं. मग खाली बसली आणि पट्टा बांधला. "जरा जरी आकडा हलला तरी थांबायचं. कबूल?"

मी पायाकडे नजर लावली. गुडघा सरळ. झटका नाही.

"ओ!" शालन ओरडली. भाकरीचा घास तिच्या हातातच राहिला होता. "झाळायला बसलाय काय?"

माझ्या तोंडातून फस्सकन हवा बाहेर आली. किती हवा आत होती, मलाच नवल वाटलं.

तस्लीम आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "काय म्हणालात, मावशी?"

"अगं, हे तोंड बघ ह्यांचं. झाळ देताना असंच तोंड करतात." मग शालननं तिला समजावून सांगितलं. पैजणाच्या साखळीला कडी जोडायची तर सांध्यावर झाळीची कणी ठेवायची असते, राळ्याच्या दाण्याएवढी. ती वितळली की सांधा जुळतो. चिमट्यानं ठेवताना श्वास जरी लागला तरी कणी उडून जाते. म्हणून आमच्याकडे झाळकामाच्या वेळी पंखा बंद, बोलणं बंद, आणि काम करणाऱ्याचा श्वास बंद. "ह्यांच्या बापूंनी लहानपणी शिकवलंय. श्वास सुटला की डोक्यात टपली. लग्न झाल्यापासून बघतेय मी. सुईत दोरा ओवायचा असला, दिव्यात तेल घालायचं असलं, कागदावर सही करायची असली, काही नीट करायचं म्हटलं की हे पहिल्यांदा श्वास

धरतात."

तस्लीम तिथंच फरशीवर बसली. "मी सोडा सोडा म्हणत होते आणि तुम्ही मान डोलवत होता!"

"मला वाटत होतं, सोडतोय."

"तोंड उघडून हो म्हणाला असता तर मला कळलं असतं. मी तरी मानेवर कसा विश्वास ठेवला? पहिल्या दिवशी तुम्ही अख्खा वेळ छप्पर आणि दार करत होता, म्हणून श्वास बाहेर पडत होता. बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही."

"मग सोपं आहे," शालन म्हणाली. "मनापासून करू नका."

"ते जमायचं नाही मला."

"मग माझ्याशी भांडा."

"आत्ता? कशावरून?"

शालननं घास डब्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "रुकडीला जिलेबी संपली नव्हती."

इथं थोडं मागं जावं लागतं. आमचं लग्न रुकडीत झालं, शालनच्या माहेरी. शेवटच्या पंगतीला जिलेबी आली नाही. माझे चुलते त्या पंगतीत होते. आमच्याकडच्यांचं म्हणणं, मुलीकडच्यांनी जिलेबी कमी केली होती, ती संपली. त्यांच्याकडच्यांचं म्हणणं, जिलेबीच्या पराती भरलेल्या होत्या, पण वऱ्हाड उशिरा आलं, दिवस मावळला आणि वाढणं थांबवावं लागलं. त्या पंगतीतली बहुतेक माणसं आता नाहीत. भांडण आहे.

"संपली होती!" मी म्हणालो. पाय वर गेला होता.

"पराती भरल्या होत्या. दिवस मावळला."

"दिवस होता की! चुलत्यांनी... सूर्य बघितला होता!"

"तुमच्या चुलत्यांना दुपारपासून जिलेबीच दिसत होती, सूर्य कुठला दिसतोय?"

"वऱ्हाड वेळेत निघालं होतं... ट्रक पंक्चर झाला!"

"ट्रक कुणी ठरवला होता?"

"तुझ्या मामानं!"

"मामानं चांगला ट्रक दाखवला होता. तुम्हाला स्वस्तातला हवा होता."

"ओ वहिनी," रंगराव उठून बसले होते, "मी जन्मभर गाडी चालवलीय. पंक्चर काढायला एवढा वेळ लागत नाही. हे वाटेत चहाला थांबले असणार."

"तुम्ही गप्प बसा हो!" मी ओरडलो, आणि पाय वर गेला.

"आकडा," तस्लीम म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काका, आकडा हललेला नाही."

मला दम लागला होता. भरपूर लागला होता. पण तो कामाचा दम होता, जिना चढल्यावर लागतो तसला. ओठ होते तसेच होते. ऊन चौकटीवरून उतरत होतं. शालननं डबा पुढं सरकवला. "जेवा आधी. मावळेल दिवस, आणि मग म्हणाल, भाकरी संपली होती."

मोठ्या डॉक्टरांना तस्लीमनं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, दाखवा. शालन मुद्दाम लवकर आली होती. डॉक्टरांसमोर भांडायला तिला लाज वाटेना, मलाच वाटत होती. पण तिनं माझ्या आजीचं नाव घेतलं, म्हातारीनं दोन पंगतींत बसून जिलेबी खाल्ली म्हणाली, मग माझाही संकोच गेला. डॉक्टर हसू दाबत आकड्याकडे बघत राहिले. जाताना तस्लीमला म्हणाले, "चालू ठेव. कागदावर काय लिहिणार आहेस?"

"बोलत बोलत व्यायाम," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात. पिशवी वाढली. भिंतीला बांधलेला रबरी पट्टा ओढायला लागलो. खुर्चीवरून उठणं सगळ्यांत अवघड. पहिल्यांदा हातांनी रेटून, मग एका हातानं, मग दोन्ही हात छातीवर ठेवून. "संप" म्हणताना पुढं वाकायचं आणि "ली होती" म्हणताना उठायचं. रंगरावही शिकले. त्यांना भांडायला बायको नव्हती, वारली होती. ते एसटीच्या कुठल्याशा डेपो मॅनेजरशी भांडायचे, तो समोर असल्यासारखे. सन्मती फोनवर विचारायचा, "आण्णा, आराम करताय ना?" मी म्हणायचो, "तुझ्या आईशी भांडतोय." तो म्हणायचा, "मग बरं आहे."

त्याला वाटलं मी चेष्टा

करतोय.

घरी सोडलं त्या दिवशी तो गाडी घेऊन आला. उचलायला ठेवलेला तो दणकट माणूस हुपरीत आमच्या दारात येऊन थांबला होता. गाडी गल्लीत शिरली तसे लोक दारांत आले. दूधवालाही होता. (शालन मान हलवते. होता.) मी डोळे उघडे ठेवले.

गाडीची सीट खुर्चीपेक्षा पुष्कळ खोल. हे तस्लीमनं शिकवलं नव्हतं. पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवले आणि तिथंच अडकलो. सगळी गल्ली बघत होती. आता हे नीट करायचं, चुकू द्यायचं नाही, असं मनात आलं आणि मला आतून जाणवलं, श्वास

धरला.

सन्मतीनं हात पुढं केले. मागून तो माणूस आला, बाह्या सावरत.

शालन पलीकडच्या दारानं उतरून माझ्यासमोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाकून हळूच म्हणाली, "ओ, ऐका. संपली होती जिलेबी. माझ्या बापानं कमीच केली होती. झालं? आता उतरा."

इतक्या वर्षांत तिनं हे कधी मानलं नव्हतं. माझ्या तोंडातून हवा बाहेर पडली, पण ती घाबरून.

"मागं घे," मी म्हणालो.

"काय?"

"आत्ता बोललीस ते मागं घे. तू मान्य केलंस तर मी उद्या काय करू? परवा काय करू?"

ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पराती भरल्या होत्या पराती! तुमचंच वऱ्हाड उशिरा आलं!"

"हात मागं घे," मी सन्मतीला म्हणालो. आणि पुढं वाकलो.

"संपली होती!"

मी उभा होतो. आमच्या दारापुढं, माझ्या दोन पायांवर. तो दणकट माणूस रिकामे हात घेऊन बाजूला झाला.

शेजारच्या कट्ट्यावरची पद्मामावशी तिच्या सुनेला म्हणाली, "बघ गं बाई. दवाखान्यातनं आत्ता आलं, आणि लागलं भांडायला."